मित्र मेल्याशिवाय मैत्री दिसत नाही का?

महोदय,

मैत्रीदिनाच्या रविवारी आपल्या पुरवणीत मैत्रीवरच्या सात सिनेमांची यादी आली होती. दुकानाचं शटर अर्धं वर करून, उदबत्ती लावायच्या आधीच मी ती उभ्या उभ्या वाचली. सातांपैकी चार सिनेमांत कुणी ना कुणी मित्र मरतो. ‘शोले’त अमिताभ मरतो, ‘आनंद’मध्ये अमिताभ रडतो. सिनेमे थोर आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. ‘आनंद’ लागला की शेवटची दहा मिनिटं आमच्या घरात अजूनही कुणी कुणाकडे बघत नाही. पण यादी करणाऱ्याचा हिशेब काही मला कळला नाही. रहिवासाच्या अर्जाला लाइटबिल जोडतात, तसा मैत्रीला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो की काय? दाखल्यांचं उदाहरण देतोय, कारण पोट त्यावरच आहे. कराडात माझं झेरॉक्स आणि फॉर्मचं दुकान आहे.

आणि समोर, रस्ता ओलांडला की, माझ्या मित्राचा फोटो स्टुडिओ. पाचवीपासूनचा मित्र. त्याने झेरॉक्सचं मशीन घेतलं म्हणून मी कॅमेरा घेऊन पासपोर्ट फोटो काढायला लागलो. मी लॅमिनेशन सुरू केलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या काचेवर कागद : लॅमिनेशन, समोरच्यापेक्षा एक रुपया कमी. ‘समोरच्यापेक्षा’ हा शब्द त्याने खरंच लिहिला होता. दुपारी साडेतीनला चहा मात्र एकच येतो, दोन कपांत ओतून. पैसे द्यायची पाळी कुणाची यावर रोज वाद होतो आणि चहावाला पोऱ्या तो मिटेपर्यंत माझ्या स्टुलावर बसून मोबाइल बघतो. मित्राचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तो त्याची झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून, काचेवर लावेल.

सांगायचं ते इतकंच की, मैत्री बघायची असेल तर दोस्त एकमेकांना टोप्या घालतात ते चावट, अचाट, डोकं बाजूला ठेवून बघायचे सिनेमे बघावेत. आपल्या यादीत त्यातला एकही नव्हता. ‘अशी ही बनवाबनवी’सुद्धा नव्हता! मराठी पेपरात! हे वाचून माझी उदबत्ती हातातच विझली.

‘बनवाबनवी’ १९८८ सालचा. दिग्दर्शन सचिनचं, लेखन वसंत सबनिसांचं. ज्या माणसाने ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं त्याच्या हाताला वगातली बतावणी आणि सवाल-जवाब सवयीचे होते, म्हणून त्यातला एकही माणूस सरळ उत्तर देत नाही. गोष्टीचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे. पण पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या पोरांची धडपड इतकी आपली आहे की हिंदीत असं काही होतं याची कुणाला आठवणही येत नाही. घरमालकीणबाईंना जोडपी हवीत, म्हणून चार पोरांतल्या दोघांना बायका व्हावं लागतं. एवढ्यावर अख्खा सिनेमा. आता विचार करा, मित्रासाठी जीव देणं त्या मानाने सोपं. तो एकदाच द्यायचा असतो. मित्रासाठी रोज सकाळी दाढी घोटायची, साडी नेसायची, आणि जिच्यावर जीव जडलाय तिच्यासमोर पदर सावरत बसायचं, हे कुठल्या सिनेमातल्या कुठल्या जिगरी दोस्ताने केलंय? लक्ष्या साडीत वैतागतो, रडकुंडीला येतो, अशोक सराफला मनातल्या मनात शिव्या घालतो, पण साडी सोडून पळून जात नाही. आणि अशोकमामा त्याच्या हालांचा पुरेपूर आनंद घेतो. मित्र असाच असतो. सुधीर जोशींचे पहिले घरमालक आणि ते इस्तंबूलच्या औषधाचे सत्तर रुपये यांवर मी काही लिहीत नाही, वाचकांना ते पाठ आहे.

या सिनेमाची आणि माझी एक जुनी भानगड आहे. तीही सांगून टाकतो, पस्तीस वर्षं झाली.

१९९० चा गणेशोत्सव. मी अकरावीत. तेव्हा रस्त्यावर पांढरा पडदा बांधून सोळा एमएमचे सिनेमे दाखवायचे. पडद्याच्या पुढे वर्गणी देणारे बसायचे, मागे बाकीचे. मागच्यांना सगळं उलटं दिसायचं, हिरो डावखुरा आणि पाट्या आरशातल्या. आमची वरची आळी आणि मित्राची खालची आळी यांच्या मंडळांचं हाडवैर. मूर्ती किती फुटांची, मिरवणुकीत पुढे कोण, सगळ्यात चढाओढ. पण दोन्हीकडचे खजिनदार साडू. त्यांनी गुपचूप ठरवलं की ‘बनवाबनवी’ची प्रिंट एकदाच भाड्याने आणायची, पहिल्या रात्री वर दाखवायची, दुसऱ्या रात्री खाली, पैसे निम्मे निम्मे. तीन मोठी रिळं, तीन पत्र्याचे डबे. आमचा खेळ झाला. सकाळी रिळं परत गुंडाळून डबे खाली पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॅरिअरवाली सायकल माझी.

आदल्याच दिवशी हळू सायकल चालवण्याच्या स्पर्धेत मित्राने मला हरवलं होतं. तेही पाय टेकवून, पंचांचं लक्ष नसताना. तर मी कोपऱ्यावर थांबलो, दुसरं आणि तिसरं रीळ डब्यांतून काढलं आणि अदलाबदल करून ठेवलं. चिठ्ठ्या तशाच राहिल्या, माल बदलला.

रात्री मी पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. पहिलं रीळ नीट गेलं. त्यानंतर पार्वतीबाई, म्हणजे साडीतला लक्ष्या, एका झटक्यात डोहाळजेवणाला बसल्या. ऑपरेटर नवखा, बाहेर पानाच्या गादीवर गेलेला. खालच्या आळीत आधी शांतता पसरली. मग एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, ‘अगं बाई, इतक्यात?’ आणि सगळी आळी हसायला लागली ती थांबेचना. मग भानगडी उलगडून सगळं गोडीगुलाबीने संपलं, समाप्तची पाटी आली, लोक सतरंज्या झटकायला उठले, आणि तोवर ऑपरेटरने उरलेलं रीळ चढवलं. लोक परत बसले. रात्री साडेबाराला त्या चौघांची फजिती नव्याने सुरू झाली. मला वाटलं होतं खालच्या आळीची नाचक्की होईल. झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी मित्र आमच्या मांडवात येऊन सांगत होता, ‘तुमच्याकडे सिनेमा एकदा संपला, आमच्याकडे संपून पुन्हा लागला.’ रिळं कुणी बदलली हे त्याने विचारलंही नाही. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

आता दुसरी शिफारस, ‘अंदाज अपना अपना’. १९९४, राजकुमार संतोषी. आमिर आणि सलमान, एक न्हाव्याचा पोरगा, दुसरा शिंप्याचा. दोघांनाही बिनकष्टाने श्रीमंत व्हायचंय, दोघं लंडनहून आलेल्या एकाच श्रीमंत मुलीमागे उटीला जातात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. डोक्यावर काठी पडली म्हणून आमिर स्मृती गेल्याचं सोंग करून तिच्या घरात घुसतो, तर सलमान डॉक्टर बनून त्याच घरात हजर. यातला एक जण जरी सज्जन असता तर सिनेमा पंधरा मिनिटांत संपला असता. तेव्हा तो थेटरात चालला नाही. त्याच वर्षी ‘हम आपके हैं कौन’ला लोक लग्नाला जावं तसे नटून जात होते. तिथेही सलमान, तिथेही त्याचं नाव प्रेम. पुढे टीव्हीवर बघून बघून पोरांनी ‘अंदाज’ तोंडपाठ केला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा थेटरात लागला. माझ्या मुलाने माझ्याआधी त्यातले संवाद म्हणून दाखवले तेव्हा मला, खरं सांगतो, जरा रागच आला. आपला माल दुसऱ्याने गिऱ्हाइकाला दाखवावा तसं वाटलं.

शक्ती कपूर आणि परेश रावल हे दोघं मात्र या सिनेमात कितीदाही बघा, कंटाळा येत नाही. परेश रावल तर जुळे भाऊ म्हणून दोनदा आहेत.

परेश रावलवरून ‘हेरा फेरी’. प्रियदर्शनचा, २००० सालचा, मूळ मल्याळम ‘रामजीराव स्पीकिंग’, १९८९. हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर घरकामाची बाई. इथे मात्र तो घरमालक आहे, बाबूराव गणपतराव आपटे, गॅरेजवाला, जाड भिंगाचा चष्मा लावणारा, आणि स्वतःच कर्जात बुडालेला. भाडेकरू दोघं, राजू आणि श्याम, एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. चुकून आलेला एक फोन या तिघांना एका बोटीत बसवतो. मला त्यात सगळ्यात आवडते ती घरातली भांडणं. पैशाला तंगलेली तीन माणसं एका छपराखाली राहिली की भांडण कशावरून सुरू होतं आणि कुठे जाऊन पोचतं, हे ज्याने खोलीत पार्टनर म्हणून दिवस काढलेत त्यालाच कळेल. मी पुण्यात दीड वर्ष काढलंय. आमच्याकडे दात घासायच्या पेस्टवरून मारामारी झाली होती.

केदार शिंदेंचा ‘जत्रा’ (२००६) यादीत असायलाच हवा. दोन गावांचं वैर, नावं ह्यालागाड आणि त्यालागाड. आमच्या वरच्या-खालच्या आळीवाल्यांना तो घरचाच वाटला. ‘कोंबडी पळाली’मुळे लोक गाणंच लक्षात ठेवतात, सिनेमा विसरतात.

आणि एक मूकपट. जाड्या-रड्या, म्हणजे लॉरेल-हार्डी, यांचा ‘बिग बिझनेस’, १९२९. जेमतेम वीस मिनिटांचा. दोघं कॅलिफोर्नियात दारोदार नाताळची झाडं विकत फिरतात. एका मिशाळ गृहस्थाला झाड नको असतं. दारात झाडाची फांदी अडकते, एवढंच निमित्त. तो यांचं झाड कापतो, हे त्याच्या दाराची मोडतोड करतात, तो यांच्या गाडीचा दिवा उपटतो. बघता बघता इकडे गाडीचा सांगाडा आणि तिकडे घराच्या खिडक्या, दारं, पियानो. एक हवालदार हे सगळं बघत वहीत टिपून घेतो. यातली मजा लक्षात घ्या : एकाचं चाललेलं असताना दुसरा मध्ये पडत नाही, हात बांधून शांतपणे बघतो. तुझं झालं? आता माझी पाळी. आमच्या चहाच्या बिलाचा वाद असाच चालतो. संवाद नाहीत, त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना दाखवावा.

आता मित्राचं राहिलं. नऊ वर्षं तो गप्प बसला. १९९९ साली माझं लग्न झालं. तोवर तो व्हिडिओ शूटिंग करायला लागला होता. माझ्या लग्नाचं शूटिंग त्याने फुकट केलं. मी गहिवरलो. महिन्याने कॅसेट आली. सासरची, माहेरची माणसं जमवून आम्ही ती लावली. सुरुवातीला गणपती, सनई, दोन्ही घरांची नावं. मग बायको आईच्या गळ्यात पडून हुंदके देत गाडीत बसली. त्यानंतर तिला हळद लागली. मग जेवणाच्या पंगती उठल्या, मग अंतरपाट धरला, आणि शेवटी साखरपुडा होऊन समाप्त. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे अजून विचार बदलता येईल म्हणायचं.’ नीट लावलेली दुसरी कॅसेट मित्राने खिशातच आणली होती. पण आमच्याकडे आजही बघितली जाते ती पहिलीच. तिची आता डीव्हीडी करून घेतली आहे, त्याच्याकडूनच. पैसे त्याने पूर्ण घेतले.

पुढच्या वर्षीची यादी करताना यातले दोन-तीन तरी घ्यावेत, ही विनंती. ‘बनवाबनवी’ पहिला. हे पत्र छापून आलं तर मित्र उत्तर पाठवणार हे नक्की, आणि हळू सायकलच्या स्पर्धेत त्याने पाय टेकवलाच नव्हता असं तो त्यात लिहील. त्याचं पत्र जरूर छापा. फक्त त्याचा शेवटचा परिच्छेद दुसरा करा आणि दुसरा शेवटी टाका.

आपला,
शटर अर्धं उघडून वाचणारा एक वाचक,
कराड