झावळ्यांच्या रविवाराबद्दल, मुलीच्या टीचरना

प्रिय टीचर,

ईस्टरच्या आधीच्या त्या झावळ्यांच्या रविवारी तुम्ही हातात झावळ्या घेतलेल्या पोरांना रांगेत उभं करण्यात गुंतला होतात, त्यामुळे बोलणं राहून गेलं. आणि मला जे सांगायचं होतं ते चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगून झालंही नसतं. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन वसईला आले तेव्हा ख्रिस्ती सणांतला मला फक्त नाताळ ठाऊक होता. मुलीला गोष्टी सांगायच्या त्या सासूबाईंनी. त्या गेल्या, नवरा कुवेतला, आणि शेजारच्या मावश्या सांगतात ते कादोडीत, इथल्या बोलीत, जी मला अजून अर्धीच कळते. मुलगी तुमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायला लागली आणि घरी येऊन विचारू लागली, "आई, झावळ्या कशाला?" दर वेळी "फोन आला की बाबांना विचार" म्हणताना मला फार वाईट वाटायचं.

मग तुमची चित्रं घरी यायला लागली. हाताने काढून झेरॉक्स केलेली, आणि प्रत्येकाच्या मागे घरच्यांसाठी चार ओळी. त्या ओळी मी मुलीच्या आधी वाचून घ्यायचे.

पहिलं चित्र गाढवीचं आणि शिंगराचं. मागे तुम्ही लिहिलं होतं की येशू यरुशलेमेत आला तो शिंगरावर बसून. येशूचं चरित्र लिहिणारा मार्क म्हणतो त्यावर आधी कोणीच बसलं नव्हतं, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात शिंगराबरोबर गाढवीही आहे. मी हे वाचून दाखवलं. मुलगी बराच वेळ खडू हातात धरून बसली. मग म्हणाली, "ते नवीन आहे ना, गर्दीला घाबरेल. म्हणून त्याची आई बरोबर चालतेय." गाढवी तिने तपकिरी रंगवली, शिंगरू राखाडी, आणि दोघांचे कान एकमेकांना टेकवले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही दोघी ती गोष्ट एकत्र शिकलो. टीचर, हे तुमच्यामुळे झालं.

दुसऱ्या चित्रातल्या झाडाला तिने नारळ लावले. लोक येशूच्या स्वागताला ज्या झावळ्या घेऊन आले त्या योहानाच्या शुभवर्तमानात खजुरीच्या आहेत, हे मी मागे वाचलं आणि खोडरबर शोधायला उठले. पण तुमची शेवटची ओळ होती, "मुलांनी माड काढला तर राहू द्या, आपल्या हातात माडाचीच झावळी येते." नारळ राहिले. मुलांना इतकं ओळखणारं माणूस माझ्या मुलीला शिकवतं, याचा मला किती आधार वाटला!

तिसरं चित्र फादरांचं. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, पोशाख जांभळा, आणि झावळ्यांच्या रविवारी लाल, कारण त्याच मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, येशूच्या दुःखसहनाचं वाचन होतं. २९ मार्चला फादर बाहेर आले आणि ती माझा हात ओढून कुजबुजली, "आई, लाल!" पुढचं ते लांबलचक वाचन तिने चुळबुळ न करता ऐकलं. 'होसान्ना' म्हणजे 'आम्हांला तार', हे तिने आदल्या रात्री मला सांगितलं होतं. मीही या वेळी इतरांबरोबर मोठ्याने म्हटलं.

तारीख दरवर्षी का बदलते, हे मात्र मला चटकन कळलं. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला, माझ्या माहेरी हनुमान जयंती, आणि इथे पवित्र गुरुवार. हे मी मुलीला समजावलं, कागद न बघता.

त्या दिवशीची झावळी आम्ही सासूबाईंच्या फोटोमागे खोचून ठेवली आहे. पुढच्या वर्षी ती जाळून, प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची राख होणार, म्हणून ती परत करायची, अशी मुलीची सक्त ताकीद आहे. चित्रं वहीत चिकटवलीत आणि त्यांचे फोटो कुवेतला पाठवलेत. मागच्या ओळी चिकटवण्याआधी मी माझ्या डायरीत उतरवून घेतल्या.

तिचा लाल खडू झिजून नखाएवढा झालाय. २४ मेला पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा ज्वालांसारखा उतरला तो सण; त्या ज्वालाही लालच. नवीन खडू आणून ठेवला आहे. पुढच्या चित्राची वाट बघतो आहोत.

तुमची ऋणी,
वर्गातल्या एका मुलीची आई