जात्याशेजारचं मडकं

सांगली, गावभाग
रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, चार खोकी दोन वर्षांत उघडलीच नाहीत. नव्या घरात नेणार नाही, कुठल्यातरी संस्थेला देऊन टाकते." मी नुसतं हं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून मनात घोळतंय. तुझी आई म्हणाली, फोनवर तुम्ही अर्धंच बोलता, त्यापेक्षा लिहून कळवा. म्हणून बसलोय लिहायला.

सामान कमी करायचं ठरवलंस याचा मला मनापासून आनंद झाला. टोचला तो फक्त "कुठल्यातरी" हा शब्द. तोच शब्द एके काळी माझ्याही तोंडी होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली होती. आमच्या बँकेच्या शाखेत मदत गोळा करायला सुरुवात झाली आणि मी घरातलं कपाट रिकामं करून एक पोतं भरून दिलं. त्यात चेन तुटलेल्या दोन पँटी होत्या, आईची विरलेली दोन लुगडी होती, आणि एक टेरिकॉटचा सदरा होता, जो मी स्वतः भाजी आणायलासुद्धा घातला नसता. पोतं टेम्पोत चढलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ते कुणाच्या हातात पडेल, त्या माणसाला ते उघडताना काय वाटेल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. त्याची लाज मला सव्वीस वर्षांनी वाटली.

२०१९ चा ऑगस्ट तुला आठवतो. तू पुण्यात होतीस आणि रस्ते बंद झाल्यामुळे येऊ शकत नव्हतीस. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही दोघं एका शाळेच्या वर्गात सात दिवस होतो. अंगावरचे कपडे, औषधांची पिशवी आणि घराच्या किल्ल्या, एवढंच बरोबर. तिसऱ्या दिवशी बाहेरगावाहून मदतीचा ट्रक आला आणि शाळेच्या पटांगणात कपड्यांची गाठोडी उतरली. तुझ्या आईच्या वाट्याला जी पिशवी आली तिच्यात एक फाटका झगा, लहान मुलाचा एकच बूट आणि जरीचा, बाही उसवलेला ब्लाऊज होता. तिने पिशवी परत बांधली आणि भिंतीशी ठेवली. एक अक्षर बोलली नाही. तिला त्या घटकेला काय हवं होतं, सांगू? कोरडी अंतर्वस्त्रं आणि कंगवा. शेजारच्या दोन पोरींना पॅड हवे होते आणि ते कुणाकडे मागायचे हे त्यांना कळत नव्हतं. माझं किल्लारीचं पोतं मला त्या पिशवीत दिसलं.

त्या संध्याकाळी मी शाळेच्या ऑफिसातून खडू मागून घेतला आणि दारातल्या फळ्यावर लिहिलं: "जुने कपडे पुरेत. हवं आहे: नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, सतरंज्या, मेणबत्त्या, मच्छर अगरबत्ती. पाणी ओसरल्यावर: खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर." एका मुलाने त्याचा फोटो काढून चार ठिकाणी पाठवला. दोन दिवसांनी कराडकडून एक टेम्पो आला, त्यात बरोबर तेवढंच होतं. पुढे पाणी उतरल्यावर घराघरात गुडघाभर गाळ होता, आणि त्या खराट्यांनी आमच्या गल्लीतली कितीतरी घरं धुतली गेली. मुक्ता, मी बँकेत छत्तीस वर्षं लिहीत आलो. पण त्या फळ्याइतकं उपयोगी मी दुसरं काहीच लिहिलेलं नाही. तुला लिहायला आवडतं, साधेपणावर काहीतरी लिहायचंय असं तू दिवाळीत म्हणाली होतीस, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. आपण खोल्या कशा आवरल्या हे वाचायला लोकांना आवडेल, तेही लिही. पण ज्याला काही हवं आहे त्याच्याकडे जाऊन, विचारून, त्याची यादी जशीच्या तशी लिहिलीस, तर तुझी लेखणी कुणाच्या तरी घरातला गाळ काढेल.

घरी परतल्यावर आम्ही सामान बाहेर काढलं. गाद्या, कपाटं, मिक्सर, शोकेसमधल्या वस्तू, न वापरलेले डिनर सेट, अहेरात आलेल्या आणि घडी न मोडलेल्या साड्या. दारात ढीग लागला आणि पालिकेच्या ट्रॉल्यांनी तो उचलून नेला. मला वाटलं होतं, तुझी आई खचेल. पण महिनाभराने ती म्हणाली, "यातलं परत काय काय घ्यायचं ते एका कागदावर लिहा." कागदावर एकोणीस वस्तू आल्या. आज सहा वर्षं उलटून गेली, आम्ही त्यात फार तर दहाएक वस्तूंची भर घातली असेल. घर झाडायला आता पंधरा मिनिटं लागतात. तू साधं राहायचं म्हणतेस ते आम्हाला पुराने शिकवलं. तुला ते पुराविना सुचलं, हे मला फार मोठं वाटतं.

वाचलं ते माळ्यावरच्या ट्रंकेतलं. त्यात तुझ्या आजीच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. लाल कापडी बांधणीच्या, लांबट. तू लहानपणी त्यावर चित्रं काढायचीस म्हणून ओरडा खाल्ला आहेस. परवा तुझा फोन झाल्यावर मी त्या काढून पुन्हा वाचल्या. दर महिन्याच्या पानावर सर्वांत वर एकच शब्द आहे, "धर्मादाय". त्याच्यापुढे कधी पाच रुपये, कधी अकरा, एका फेब्रुवारीत पन्नास. त्याच्या खाली वाणी, दूध, रॉकेल, माझी फी. व्यापाऱ्यांच्या वह्यांत धर्मादायाचं खातं असतं हे मला माहीत होतं. घरखर्चात, तेही सर्वांत वर, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ही सवय तिला माहेराहून आली. वाळवा तालुक्यातलं तिचं गाव. तिकडे कर्मवीर भाऊराव पाटलांचा शब्द घराघरात होता, कारण त्यांचं घराणं ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे तिच्या माहेरच्याच भागातलं. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीत. त्यांना खायला घालताना कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पुढे या पोरांच्या जेवणासाठी गावोगाव मुष्टिफंड निघाला, म्हणजे घरटी मूठभर धान्य. आजी सांगायची, त्यांच्या जात्याशेजारी एक लहान मडकं ठेवलेलं असे. पहाटे दळायला बसताना तिची आई सुपातली पहिली मूठ त्या मडक्यात टाकायची आणि मग उरलेलं जात्यात. ज्या वर्षी पाऊस नव्हता त्या वर्षीही. तेव्हा मूठ लहान झाली, चुकली मात्र नाही.

पहिली मूठ. माझं १९९३ चं पोतं ही शेवटची मूठ होती, तळाची, जात्यातून पडलेला कोंडा. तुझी चार खोकी उघडशील तेव्हा हे एकदा आठव. त्यातलं काय तू आपल्या मैत्रिणीला बेधडक भेट देशील? तेवढं वेगळं काढ. ते द्यायच्या लायकीचं. बाकीचं भंगारात किंवा पायपुसण्यात. त्याला दान म्हणू नकोस.

जुन्या कपड्यांचं नीट काम करणाऱ्या संस्था आहेत. दिल्लीच्या अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये गूंज सुरू केली, आणि त्यांची पद्धत मला पटते. गावातली माणसं आपल्याला कुठलं काम हवंय ते स्वतः ठरवतात, विहीर उपसायची की रस्ता करायचा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून त्यांना कपडे आणि घरसामान मिळतं. हात पसरावा लागत नाही. सुती कपडे वेगळे काढून, धुऊन त्यांचे पॅडही बनवतात. २०१५ मध्ये गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं तेही याच पायावर. ज्यांच्या हातात समाजाने फक्त कटोरा दिला होता त्या कुष्ठरोग्यांनी तिथे विहिरी खणल्या आणि शेती पिकवली. सतरंजी, चादर, भेटकार्ड घ्यायचंच असेल तर अशा ठिकाणचं घे. गरज तुझी भागते आणि कष्ट त्यांच्या नावावर जमा होतात.

पैशांचं थोडक्यात सांगतो. वर्षातून एकदा वाढदिवसाला पाच हजार देण्यापेक्षा दर महिन्याला चारशे दे, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, बँकेतून आपोआप जातील असे. संस्थेला इमारतीसाठी देणगीदार मिळतात, कारण पाटीवर नाव लागतं. शिक्षिकेचा, नर्सचा, गाडी चालवणाऱ्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याला पाटी नसते. ज्यांना देतेस त्यांचा वार्षिक अहवाल मागव आणि खर्चाची बाजू वाच. रोख देऊ नकोस. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर करसवलत मिळत नाही, आणि हिशेबही राहत नाही. संस्था दोनच निवड. दहा निवडशील तर एकीचंही नीट कळणार नाही.

आता एक गोष्ट, जी तोंडावर बोलायला मला जड गेलं. दिवाळीत तुझ्याकडे होतो तेव्हा फुटलेला ग्लास तू तसाच कोरड्या कचऱ्याच्या बादलीत टाकलास. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या बोटाला मी चिंधी बांधलेली पाहिली. तो तुझाच ग्लास होता की दुसऱ्या कुणाचा, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलंही नाही, आणि न विचारल्याचं मला वाईट वाटतं. पुण्यात या बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातून पुढे 'स्वच्छ' नावाची त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली. आपण महिन्याला देतो ते शुल्क आणि विकलेलं भंगार, यावर त्यांची घरं चालतात. त्यांनी कधीपासून सांगितलंय की वापरलेला पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका द्या, म्हणजे तो हाताने उघडून पाहावा लागणार नाही. एक ठिपका! याला ना पैसा लागतो ना वेळ. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळ, दोरी बांध, आणि वर ठळक अक्षरात "काच" असं लिही. तुला अर्थपूर्ण लिहायचंय ना? इथून सुरुवात कर. आणि त्यांचं नाव विचार. दोन वर्षं रोज दारात येतात, तुला नाव माहीत नव्हतं.

ओला कचरा त्यांना देऊच नकोस. नव्या घराला गच्ची आहे म्हणालीस. भोकं पाडलेली एक बादली, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेली पानं, मग रोजची सालं आणि पुन्हा पानं. आंबट वास आला तर ओल जास्त झाली समज, पानं वाढव. शिजवलेलं उरलं तर ते टाकू नकोस, कमी शिजव. दोन माणसांना दोन वाट्या तांदूळ लागत नाहीत.

शनिवारच्या मोकळ्या वेळेचं विचारलं होतंस. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवणारी, ध्वनिमुद्रित करून देणारी माणसं नेहमी कमी पडतात. तुझा आवाज स्वच्छ आहे, उच्चार आजीचे आहेत. पण ज्या आठवड्यात जाईन म्हणशील त्या आठवड्यात जा. कुणीतरी वही उघडून तुझी वाट बघत बसलेलं असेल.

तू टेम्पो शनिवारचा सांगितला आहेस, तर मी शुक्रवारच्या रात्रीच्या एसटीने निघतो. खोकी मी येईपर्यंत उघडू नकोस, दोघं मिळून उघडू. आजीची १९७४ ची वही बरोबर आणतोय, तिची मागची बरीच पानं कोरी आहेत. आईने कुंभारवाड्यातून एक लहान मडकं घेतलंय आणि तुझ्या नव्या ओट्याच्या कोपऱ्यात ते मावेल का म्हणून ती सकाळपासून विचारते आहे. ओट्याची रुंदी मोजून तिला कळव.

तुझा,
बाबा