पोस्टडॉकची फेलोशिप अडकली कुठे?

संपादक साहेब,

2023 ला सरकारने नॅशनल क्वांटम मिशनला 6003 कोटी मंजूर केले, छानच झालं, पण आम्हा पोस्टडॉक लोकांचं, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यांचं, काय चाललंय तेही छापा की. मी रुबिडियमचे अणू 780 नॅनोमीटरच्या लेसरने थंड करतो, म्हणजे खरं तर दिवसभर आरसे अलाइन करत बसतो आणि दुपारी एसी बंद पडला की लेसरचं लॉक सुटतं, म्हणजे तो ठरलेल्या तरंगलांबीवर टिकत नाही, परत पहिल्यापासून. मागच्या महिन्यात लाइट गेली, यूपीएसने पण दगा दिला, अणू ठेवायच्या चेंबरमधल्या व्हॅक्यूमची (निर्वाताची) वाट लागली, मग आतला ओलावा नि वायू काढायला आठवडाभर चेंबरला हीटिंग टेप गुंडाळून भाजत बसलो. त्यात फेलोशिप तीन महिने आलेली नाही. आई विचारते, पीएचडी झाली ना, मग अजून शिकतोस काय? अकाउंट्सवाले म्हणतात फाइल वर गेलीये. वर म्हणजे नक्की कुठे?

- एक पोस्टडॉक