मालवीयांचं तिकीट आणि तुझी सोळा पानं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. टपाल तिकिटांच्या प्रदर्शनासाठी एका फ्रेमची, म्हणजे सोळा पानांच्या एका फलकाची, मांडणी करायचं ठरवलंस, हे उत्तम. सोळा पानांत स्काउट चळवळ बसवायची म्हणजे निवड कडक हवी. तू पंडित मदनमोहन मालवीयांच्या 1961 च्या तिकिटापासून सुरुवात करतो आहेस, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

जन्मशताब्दीचं हे तिकीट डिसेंबर 1961 मध्ये निघालं, किंमत 15 नवे पैसे. छपाई अर्थातच आपल्या नाशिक रोडच्या मुद्रणालयातली, फोटोग्रॅव्हर पद्धतीची (चित्र बारीक जाळीत कोरलेल्या सिलिंडरवरून छापतात ती). मालवीयांच्या चित्राजवळ बनारस हिंदू विद्यापीठ दिसतं, स्काउटचं चिन्ह मात्र कुठेच नाही. अडचण हीच आहे. परीक्षक आधी चित्र बघतो, मग तुझा मजकूर. म्हणून त्या पानावर दोन ओळीत संबंध स्पष्ट कर: सुरुवातीच्या काळात सरकारमान्य स्काउट पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता, तेव्हा मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समिती या समाजसेवी संस्थेची स्वतंत्र स्काउट संघटना उभी केली. एवढं पुरे. विद्यापीठाचा इतिहास तिथे भरू नकोस, तो या विषयाचा नव्हे.

पुढच्या पानावर कुंझरूंचं 1987 चं तिकीट घे. 1950 मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संस्था झाली, तेव्हा पहिले राष्ट्रीय आयुक्त तेच. म्हणजे इथे दुवा थेट आहे, ताणावा लागत नाही. 1982 चं स्काउट चळवळीच्या 75 वर्षांचं तिकीट शेवटाकडे ठेव.

ॲनी बेझंट यांनाही जागा दे. मद्रासकडे भारतीय मुलांची स्काउट पथकं त्यांनी काढली. त्यांच्या 1963 च्या तिकिटावर जन्मसाल 1837 छापलंय, खरं 1847. गंमत अशी, की ही चूक एकूण एक प्रतीवर आहे. तेव्हा कुणी ‘एरर आहे’, म्हणजे छपाईतली दुर्मिळ चूक आहे, म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून पुढे हो. मालवीयांचं तिकीटही दुर्मिळ नाही. पैसे घालायचेच तर पहिल्या दिवसाच्या पाकिटात (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का असलेल्या) घाल. त्याहून चांगलं म्हणजे खरंखुरं टपालातून गेलेलं पाकीट. साध्या पत्राचा दर तेव्हा 15 नवे पैसेच होता, त्यामुळे हे तिकीट एकटंच लागलेलं आणि शिक्का स्पष्ट, असं पाकीट मिळू शकतं. मिळालं तर तिकीट कापून काढू नकोस, रे बाबा! पाकिटाची किंमत त्या जोडीत आहे.

पाकिटाचे तिकीट चिकटलेले सुटे तुकडे असतील तर मात्र भिजव. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून काप, थंड पाण्यात चित्र वर करून सोड. पंधरा-वीस मिनिटांत ते आपोआप सरकतं. सरकलं नाही तर थांब, नखाने ओढलंस की पाठीचा कागद पातळ होतो आणि तिकीट उजेडात धरलं की ती जागा ओरडून सांगते. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या वाटीत, नाहीतर त्यांचा रंग सगळ्यांना लागतो. नंतर स्वच्छ पाण्यातून काढून टीपकागदावर उपडं ठेव, अर्धवट सुकलं की जाड पुस्तकात दाब. पूर्ण सुकू दिलंस तर गुंडाळी होते.

वॉटरमार्क, म्हणजे कागदातलीच पुसट खूण, बघायला बेंझिनचे थेंब टाकतात, ते या तिकिटावर करू नकोस. फोटोग्रॅव्हरची शाई त्याने उतरू शकते. काळ्या कागदावर उपडं ठेवून तिरप्या उजेडात पाहा. छपाई तपासायला दहापट भिंग घे. फोटोग्रॅव्हरमध्ये चेहरा बारीक जाळीत विरघळलेला दिसतो, आणि आकड्यांची कडही सरळ नसते, किंचित करवती असते. रंगीत झेरॉक्समध्ये त्याऐवजी निळे, पिवळे, गुलाबी ठिपके वेगवेगळे सापडतात.

कोऱ्या, म्हणजे न वापरलेल्या डिंकासकट प्रतींचा खरा शत्रू आपला पावसाळा. दमट हवेत डिंक मऊ होतो आणि दाबाखाली तिकीट पानाला चिकटतं, म्हणून स्टॉकबुक (तिकिटं ठेवायची पट्ट्यांची वही) आडवं रचू नकोस, उभं ठेव, सैल. डब्यात निळे सिलिका जेलचे दाणे ठेव. गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होतात. दातेरी कडेवर तपकिरी ठिपके आले असतील तर ती बुरशी. ब्लीच लावून ते घालवणारे लोक शेवटी कागदच मारतात. ती प्रत बाजूला काढ, दुसरी घे, तीच स्वस्त पडते. हिंज (तिकीट पानाला लावायची डिंकाची कागदी पट्टी) कोऱ्या प्रतीला लावू नकोस, पॉलिएस्टरचं पाकीट वापर. मऊ, वासाचं पीव्हीसी प्लास्टिक नको, ते शाई ओढतं.

पानांचा कच्चा आराखडा पाठव. मजकूर तिकिटांपेक्षा जास्त झाला असेल तर मी आधीच लाल पेन घेऊन बसतो.

तुझाच मित्र