जेम्स स्टुअर्टच्या वेस्टर्नबद्दल पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीतलं जुन्या हॉलिवूडवरचं सदर मी आवडीने वाचतो, पण वेस्टर्न (म्हणजे काउबॉयच्या) पिक्चरवरचा लेख वाचल्यावर राहवलं नाही म्हणून लिहितोय. जॉन वेन आला, गॅरी कूपर आला, क्लिंट ईस्टवूडला तर भरपूर जागा मिळाली, आणि जेम्स स्टुअर्टचं नाव एका ओळीत, तेही दिग्दर्शक हिचकॉकचा हीरो म्हणून! माझ्या मते तर त्याचं सगळ्यात मोठं काम वेस्टर्नमध्येच आहे आणि ते वाचकांपर्यंत पोचायला हवं.

लोकांच्या डोक्यात स्टुअर्ट म्हणजे तो उंच, किडकिडीत, अडखळत बोलणारा भला माणूस. १९४० च्या द फिलाडेल्फिया स्टोरीसाठी त्याला ऑस्कर मिळालं, ते त्याच्या वडिलांनी पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना गावी आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मांडून ठेवलं होतं, असं साधं घर. पण पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, हा माणूस सैन्यात गेला. आधी वजन कमी भरलं म्हणून नाकारलं होतं तरी हट्टाने गेला. बी-२४ बॉम्बर विमानं घेऊन जर्मनी आणि तिच्या ताब्यातल्या युरोपवर २० मोहिमा केल्या, नुसता प्रचारापुरता युनिफॉर्म घातला नाही, आणि परत आल्यावर आपल्या युद्धातल्या कामाची पिक्चरसाठी जाहिरात करू दिली नाही. मला हे फार मोठं वाटतं.

त्या युद्धानंतरचा स्टुअर्ट वेगळाच दिसतो. १९५० ला विंचेस्टर '७३ आला, दिग्दर्शक अँथनी मॅन. त्यात बारमध्ये तो खलनायक झालेल्या डॅन ड्युरियाचा हात पिरगाळून त्याचं तोंड काउंटरवर दाबतो तेव्हा त्याच्या डोळ्यात जे येतं ते बघून दचकायलाच होतं, हा तोच भला माणूस का? आणि मेहनत बघा, मॅनने नंतर सांगितलंय की रायफलचा सराव करून करून त्याच्या बोटांची सालं निघाली होती. धंद्याच्या बाजूनेही हा पिक्चर महत्त्वाचा, कारण ठरलेलं मानधन सोडून त्याने नफ्यात वाटा घेतला आणि मग बाकीचे स्टारही तेच मागायला लागले.

मॅनबरोबर त्याने एकूण पाच वेस्टर्न केले. त्यातला द नेकेड स्पर (१९५३) मी कितीही वेळा बघू शकतो. बोलणारी पात्रं फक्त पाच, सगळं उघड्यावर, डोंगर नि नदी. स्टुअर्ट झालाय हॉवर्ड केम्प, अमेरिकेतल्या यादवी युद्धावर गेला तेव्हा जमीन होणाऱ्या बायकोच्या नावावर करून गेला आणि तिने ती विकून दुसऱ्याबरोबर पळ काढला. आता ती जमीन परत घ्यायची म्हणून तो ५००० डॉलरचं बक्षीस असलेल्या फरारी गुन्हेगाराच्या मागे लागतो. तापात बरळतो, ओरडतो, सोबतच्यांवर संशय घेतो, हीरो म्हणून आवडावं असं त्यात काही ठेवलेलंच नाही. शेवटी नदीतून त्या गुन्हेगाराचा मुडदा ओढून काढतो, घोड्यावर टाकतो, नेणारच म्हणून किंचाळतो आणि तसाच रडायला लागतो, सगळ्यांसमोर, तोंड न लपवता. मग पैसे सोडून देतो आणि त्या माणसाला पुरतो. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या वेस्टर्न हीरोला असं रडताना मी तरी बघितलेलं नाही. जॉन वेन मलाही आवडतो, पण हे त्याने केलं असतं असं वाटत नाही.

द मॅन फ्रॉम लॅरामीत (१९५५) त्याचा हात धरून त्या हातावरच जवळून गोळी मारतात तो सीन पण असाच, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आणि दुखणं सगळं तिथेच दिसतं.

आणि पाय! पाय म्हणजे त्याचा घोडा, वीसेक वर्षं वेस्टर्नमध्ये तोच घोडा. विकत घ्यायला तयार होता पण मालकीणबाईंनी दिला नाही. मॅनच्याच द फार कंट्रीमध्ये घोड्याने एकट्यानेच रस्त्यावरून चालत जायचा सीन होता, स्टुअर्टने म्हणे त्याच्या कानाशी जाऊन नीट समजावून सांगितलं आणि घोड्याने एका टेकमध्ये केलं, हे तो मुलाखतींमध्ये किती प्रेमाने सांगायचा. पुढे पाय म्हातारा झाला तेव्हा स्टुअर्टचा मित्र, नट हेन्री फोंडाने घोड्याचं जलरंगातलं चित्र काढून त्याला दिलं. थोड्याच दिवसात पाय गेला.

तेव्हा साहेब, एक विनंती, मॅनच्या या पाच पिक्चरवर एक अख्खा लेख छापा, आणि जमलं तर दिग्दर्शक जॉन फोर्डच्या द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्सवर वेगळा, त्यात वेन आणि स्टुअर्ट दोघंही आहेत त्यामुळे वेनचे फॅनही खूश होतील. लेखाबरोबर फोटो टाकाल तर हिचकॉकच्या पिक्चरमधला सूटबूटवाला नको, पायवर बसलेला टाका.

आपला,
एक नियमित वाचक