गळलेलं एक वाक्य

प्रिय प्रूफ-लिसनर,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. लिब्रिव्हॉक्सवरचं टोपणनाव तेवढं ठाऊक आहे, आणि तेही इथे लिहीत नाही. लिब्रिव्हॉक्स म्हणजे हक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचून ध्वनिमुद्रित करतात ते संकेतस्थळ. तिथलं वाचन पुस्तकाशी ताडून ऐकणं हे प्रूफ-लिसनरचं काम, आणि माझं प्रकरण तुम्ही ऐकलंत. माझं प्रकरण कॅटलॉगमध्ये लागलं त्या दिवशी मी तुम्हाला इंग्रजीत ‘थँक यू’ पाठवलं होतं, पण ते दोन शब्दांतच संपलं. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. मला आभार नीट मानता येतात ते याच भाषेत.

आपलं पुस्तक होतं थॉमस बुलफिंचचं, शार्लमेन बादशहा आणि त्याच्या सरदारांच्या दंतकथांचं. बोस्टनच्या एका बँकेत नोकरी सांभाळून त्याने ते लिहिलं आणि १८६३ साली छापलं. आज त्यावर कुणाचाच हक्क उरलेला नाही, म्हणूनच आपल्यासारख्यांना ते वाचून कुणालाही फुकट देता येतं. माझ्या वाट्याला आली त्यातल्याच अस्टोल्फो नावाच्या सरदाराची चंद्रावरची सफर. शार्लमेनचा सरदार, खरा रोलाँ, ७७८ साली पिरेनीजच्या खिंडीत मारला गेला. त्याची कथा मात्र सातशे वर्षं वाढतच राहिली. इटलीत तो ऑर्लँडो झाला, प्रेमात पडला आणि वेडाही झाला. इटालियन कवी आरिओस्तोने १५१६ च्या आपल्या महाकाव्यात त्याची हरवलेली अक्कल थेट चंद्रावर नेऊन ठेवली. पृथ्वीवर जे जे हरवतं ते सगळं तिथे साठतं. माणसांची अक्कल तिथे कुप्यांत भरलेली असते आणि कुपीवर नाव घातलेलं असतं. ऑर्लँडोची कुपी शोधायला गेलेल्या अस्टोल्फोला तिथे स्वतःच्या नावाचीही एक सापडते! ही गोष्ट मला इतकी आवडली की दुसरं कुणी मागायच्या आत मी ते प्रकरण मागून घेतलं.

वाचन मी कपाटात बसून केलं. चारी बाजूंना रजया, मे महिना, पंखा बंद. पहाटे पाचला बसायचं आणि सोसायटीची पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आत उठायचं. सव्वीस मिनिटांच्या वाचनाला चार पहाटा लागल्या. फाइल चढवली तेव्हा वाटलं, झालं.

तीन दिवसांनी तुमची टिपणं आली. पहिली ओळ होती ती कुप्यांच्या प्रसंगाबद्दल, तिथे माझा आवाज कसा हळू होत गेला आणि ते तुम्हाला किती आवडलं ते सांगणारी. मग खाली वेळा मांडलेल्या. १२:४७ ला एक वाक्य गळलंय. १९:०५ ला दूरवर शिट्टीसारखा आवाज येतो, चालेल, पण जमलं तर बघा. (शेजारच्या काकूंचा कुकर. त्यांचा मुलगा सहाच्या लोकलने जातो.) शेवटची शांतता पाच सेकंदांची हवी, तुमची तीनच भरते.

१२:४७ ला मी पुस्तक उघडून बघितलं. लागोपाठची दोन वाक्यं एकाच शब्दाने सुरू होत होती आणि माझी नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली होती. मी तीनदा ऐकूनही मला ते कळलं नव्हतं. तुम्ही पुस्तक समोर धरून, शब्दावर बोट ठेवून सव्वीस मिनिटं ऐकलं असणार.

आमच्याकडे श्रावणात पोथी लागायची. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून ‘हरिविजय’ मी वाचायची आणि ती वाती वळत ऐकायची. एखादी ओवी गळली की तिचा वाती वळणारा हात थांबायचा. रागावणं नाही की काही नाही, फक्त हात थांबायचा. मी मागे जाऊन ओवी वाचली की तो पुन्हा चालू लागायचा. तुमची टिपणं वाचताना मला तो थांबलेला हात आठवला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्याच दिवशी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. माझे इंग्रजी उच्चार मराठी वळणाचे आहेत, हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं का? तुमचं उत्तर दोन ओळींचं होतं. इथे सगळ्या वळणांचे उच्चार चालतात, मी फक्त पुस्तकातला शब्द आणि तुमचा शब्द जुळतो का ते बघते. त्या उत्तराने मला किती बळ दिलं, हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठीसुद्धा मी हे पत्र लिहिलं असतं. ते गळलेलं वाक्य दुसऱ्या पहाटे वाचलं, जोडलं, पाच सेकंद मोजून शांतता ठेवली. संध्याकाळी प्रकरणापुढे तुमचं ‘पीएल ओके’, म्हणजे प्रूफ-लिसनरची पसंती, दिसलं आणि मी घरात सगळ्यांना बोलावून ते दाखवलं.

आता दुसऱ्या एका पुस्तकासाठी ऐकायचं काम मी घेतलंय. काल एका नवख्या वाचकाचं प्रकरण आलं. ८:२१ ला एक शब्द दोनदा पडलाय. मी वेळ लिहून घेतली, पण पाठवताना ती खाली ठेवली. वर आधी एक ओळ लिहिली, त्याने वादळाचं वर्णन किती छान वाचलंय त्याबद्दल.

तुमची ऋणी,
पुण्याची एक वाचक