दक्षिणेची कड रुंद ठेव

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवाना आला, शनिवारी आईचं माळरान पेटवायचं, असं तू सांगत होतीस आणि मी एकदम "नको" म्हणालो. तू फोन ठेवलास. इथे पुण्यात उन्हाळ्यात टेकड्यांवर वणवे दिसतात, डोक्यात तेच घोळत असतं.

जाळायला हवंच, ते कळतं मला. ब्रोम हे बाहेरून आलेलं गवत आधी हिरवं होतं, बिग ब्लूस्टेम हे माळाचं मूळचं गवत अजून जमिनीखालीच असतं. वाळकं गवत बोटांनी बाजूला करून बघ. बुडाशी ब्रोमची पाती चार बोटं वर आली की वेळ झाली. त्या आगीत ब्रोम मार खातं, काळी जमीन उन्हाने लवकर तापते आणि ब्लूस्टेम जोर धरतं. अमेरिकेत मॅडिसनच्या कर्टिस प्रेअरीवर, तिथल्या गवताळ माळावर, १९४० च्या दशकात असे जाळण्याचे प्रयोग झाले. आई तिथेच शिकली. कोकणात भाजावळ बघत वाढलेली ती, आगीची भीती तिला नव्हतीच. वाऱ्याची होती.

तर वारा. नैऋत्येचा असेल तर सुरुवात ईशान्येच्या कोपऱ्यातून. एक टोळी उत्तरेच्या कडेने पश्चिमेकडे, दुसरी पूर्वेच्या कडेने दक्षिणेकडे. आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. काळा पट्टा ५० फूट तरी होऊ दे, मगच नैऋत्येकडून मोठी आग सोड. घात होतो तो मध्येच कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, आली तर. वारा वायव्येला फिरतो आणि दक्षिणेची कड तोवर जळलेली नसते. पलीकडे रस्ता. म्हणून तिथली जाळरेषा, आग अडवायचा तो कापलेला पट्टा, दुप्पट रुंद काप, आणि कापलेलं गवत ओढून बाहेर काढ. पडून राहिलं तर तेच धुमसतं आणि आग पलीकडे नेतं.

ड्रिप टॉर्चमध्ये, त्या पेटतं तेल ठिबकवणाऱ्या डब्यात, चार भाग डिझेल, एक भाग पेट्रोल. आतले कपडे सुतीच, सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. तुला हे पाठ आहे, तरी लिहितोय. रागावू नकोस.

आईने माळाचे तीन भाग केले होते, दरवर्षी एकच जाळायची. काड्यांच्या पोकळीत मधमाश्या आणि पाचोळ्यात फुलपाखरांचे कोश हिवाळा काढतात, सगळं एकदम पेटवलं तर परत यायला कोणी उरत नाही. आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली की ती सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवायची. कोणी कितीही कुरकुरो. पाण्याच्या पंपावर कोण, रस्त्यावर धूर बघायला कोण, हे तू परवा फोनवर धडाधड सांगत होतीस, तेव्हा मला तिचंच बोलणं ऐकतोय असं वाटलं. ते सांगायचं सोडून मी भलतंच बोललो.

तुझा,
बाबा

ता. क. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी, दोन्ही वेळा तासातासाचा अंदाज बघ. दुपारनंतर वारा वायव्येला जाणार असं दिसलं तर शनिवार सोडून दे. परवाना पुन्हा काढता येतो.